चाई आणि नखे : केसांच्या तक्रारीत मागे राहून जाणारी एक खूण

निळीशाई

गेली दोन वर्षे मला चाईचा त्रास आहे. डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडतात, त्यांतले काही भरून येतात आणि तोवर दुसरीकडे नवा चट्टा पडलेला असतो. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्याविषयी वेगळे लिहावे असे वाटत नाही. हा धागा काढला आहे तो नखांसाठी.

साधारण आठ महिन्यांपूर्वी डाव्या अंगठ्याचे नख खरखरीत लागू लागले. आधी वाटले, कामात कुठेतरी घासले गेले असेल. मग एका संध्याकाळी टेबलावरच्या दिव्याखाली बोट तिरके धरून पाहिले, तेव्हा नखावर सुईच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसले. ते वाटेल तसे विखुरलेले नव्हते. कोणी आधी ओळी आखून घ्याव्यात आणि मग सारख्या अंतरावर टोचत जावे, तसे ते होते. समोरून पाहिले तर जवळजवळ काहीच दिसत नाही, पण प्रकाश बाजूने पडला की सगळी जाळी उठून दिसते. आता असे खळगे सहा नखांवर आहेत, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची नखे तर निस्तेज होऊन सँडपेपरसारखी झाली आहेत.

ज्यांना दाखवले त्यांनी बघताक्षणी 'बुरशी आहे' असे सांगून तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. नखाचा कीस काढून तपासणीला पाठवला नाही. डोक्यावरच्या चट्ट्यांचा विषय मी काढला, तेव्हा 'ते वेगळे, हे वेगळे' एवढेच उत्तर मिळाले. गोळ्यांनी जिभेची चव मात्र काही आठवडे गेली. नखे होती तशीच राहिली.

माझे प्रश्न असे आहेत : चाईचा आणि नखांचा खरोखर संबंध असतो का? असल्यास नखे पुन्हा पहिल्यासारखी होतात का? आणि या दोन वर्षांत केस पाहणाऱ्या एकानेही मला हात पुढे करायला का सांगितले नसेल?

पानगळ

संबंध असतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. माझ्या बाबतीत तर क्रम उलटा होता. नखांवर खळगे आधी आले आणि डोक्यावर पहिला चट्टा त्यानंतर चार महिन्यांनी पडला. त्या चार महिन्यांत मी घरच्या-दारच्या सगळ्यांकडून 'कॅल्शियम कमी पडले आहे' हे निदान ऐकत होतो.

त्वचावैद्य

निळीशाई ताई, तुमचे वर्णन इतके नेमके आहे की न पाहताही बरेच काही कळते; तरी येथे लिहिलेले निदान समजू नये, प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

चाई, म्हणजे अॅलोपेशिया एरियाटा, हा आजार केसांचा म्हणून ओळखला जातो, पण नखे त्यात पुष्कळदा सामील असतात. वेगवेगळ्या पाहण्यांतून हे प्रमाण ७ टक्क्यांपासून ६६ टक्क्यांपर्यंत आले आहे, आणि सरासरी साधारण ३० टक्के धरली जाते. आकड्यांत एवढी तफावत पडण्याचे एक कारण असे की मुलांमध्ये आणि ज्यांचे संपूर्ण डोक्याचे किंवा अंगावरचेही केस गेले आहेत त्यांच्यात नखांचे बदल बरेच जास्त आढळतात. तेव्हा पाहणीत कोणते रुग्ण घेतले यावर आकडा ठरतो. दुसरे कारण सरळ आहे : पाहिले तर दिसते.

संबंध का असतो, हे समजण्यासाठी नख कसे तयार होते ते पाहावे लागेल. नखाच्या बुडाशी त्वचेची जी घडी असते, तिच्याखाली नख घडवणाऱ्या पेशींची पट्टी असते; तिला आपण नखमूळ म्हणू. केसाच्या मुळाप्रमाणेच हे नखमूळही केराटिन नावाचे कठीण प्रथिन बनवते. या दोन्ही जागांना निरोगी अवस्थेत रोगप्रतिकारशक्तीच्या गस्तीतून एक प्रकारची सूट असते. तेथील पेशी आपली ओळख पटवणाऱ्या खुणा पृष्ठभागावर फार कमी मांडतात, त्यामुळे गस्तीवरच्या टी-पेशी त्यांच्या वाटेला जात नाहीत. चाईत ही सूट मोडते. इंटरफेरॉन गॅमासारख्या संदेशद्रव्यांच्या प्रभावाखाली त्या खुणा उघड्या पडतात आणि टी-पेशी केसाच्या मुळाभोवती गर्दी करतात. हाच प्रकार नखमुळाशी झाला की नख बिघडते.

आता खळग्यांविषयी. नखमुळाचा मागचा, घडीत खोल दडलेला भाग नखाचा वरचा थर बनवतो, आणि पुढचा भाग, जो काही बोटांवर पांढऱ्या अर्धचंद्राच्या रूपाने दिसतो, तो खालचा थर बनवतो. मागच्या भागात जागोजागी थोडा वेळ दाह झाला की तेवढ्या पेशी नीट पक्व न होता पुंजक्यांनी वरच्या थरात अडकतात. नख पुढे सरकून घडीबाहेर आले की हे कच्चे पुंजके गळून पडतात आणि जागी खळगा उरतो. म्हणजे खळगा दिसतो तेव्हा तो घडवणारी घटना काही आठवडे जुनी झालेली असते. दाह पुढच्या भागात असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत राहून आत पांढरे ठिपके दिसतात. आणि मागच्या भागातला दाह जागोजागी न राहता सलग चालू राहिला, तर वेगवेगळे खळगे न उरता सगळा पृष्ठभागच खरखरीत होतो. तुमच्या मधल्या दोन बोटांवर बहुधा हेच झाले असावे. याला ट्रॅकिओनिकिया म्हणतात. चाईच्या नखांत खळगे सर्वांत जास्त, सुमारे २० टक्के रुग्णांत आढळतात आणि त्याखालोखाल हा प्रकार येतो. याशिवाय उभ्या रेघा, टोकाशी चिरणे, नख पातळ होणे, अर्धचंद्रावर लालसर ठिपके येणे असे बदलही होतात. ते तुलनेने कमी दिसतात.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या व्यवसायाला फारसे भूषणावह नाही. चाईची तीव्रता मोजण्यासाठी जी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, तीत डोक्याचा किती टक्के भाग उघडा पडला एवढेच मोजले जाते. नखांची नोंद वेगळ्या अक्षराने करण्याची सोय आखून दिलेली आहे, पण घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ती रकान्यापुरतीच उरते.

कोरा_कागद

डॉक्टरांचा मान राखून एक शंका विचारतो. नखे आणि केस दोन्ही केराटिनचे आहेत, दोन्ही एकाच वेळी बिघडतात, तर मग शरीरात केराटिन बनवण्यासाठी लागणारेच काही कमी पडत असेल, हे जास्त सोपे स्पष्टीकरण नाही का? मी स्वतः बायोटिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चार महिने घेत आहे आणि मला नखे थोडी बरी वाटतात.

त्वचावैद्य

सोपे आहे खरे, पण लागू पडत नाही. पोषणाची कमतरता असती तर डोक्याच्या एका बोटभर जागेत केस साफ जाऊन लगतच्या जागेत ते दाट राहिले नसते, आणि दहा नखांपैकी सहाच बिघडली नसती. चाईची ही निवडक वागणूकच सांगते की प्रश्न मालाच्या तुटवड्याचा नसून कारखान्यात झालेल्या गडबडीचा आहे. लोह फार कमी असेल तर नख मध्ये खोलगट, चमच्यासारखे होऊ शकते. ते तपासून घ्यावे, पण त्याने खळग्यांची जाळी येत नाही. नखावरचे सुटे पांढरे ठिपके तर बहुतेक वेळा नखमुळाला बसलेल्या किरकोळ धक्क्यांचे असतात. कॅल्शियमचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

बायोटिनविषयी मात्र थांबून सांगायला हवे. चाईतील नखांना त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. त्याहून महत्त्वाचे असे की मोठ्या मात्रेतील बायोटिन रक्ताच्या काही चाचण्यांमध्ये ढवळाढवळ करते, कारण त्या चाचण्यांची रसायनेच बायोटिनवर आधारलेली असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या निदानासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणी त्यामुळे खोटी कमी येऊ शकते. थायरॉइडच्या चाचण्या अशा दिशेने चुकू शकतात की ग्रंथी जास्त काम करत असल्याचा भास व्हावा. चाईच्या रुग्णांत थायरॉइडचे स्वप्रतिकारक आजार इतरांपेक्षा अधिक आढळतात, म्हणून ही तपासणी आम्ही त्यांना वरचेवर सांगतो. आणि नेमके हेच लोक केसांसाठी बायोटिन घेत असतात. तुमची अशी तपासणी व्हायची असेल तर गोळी चालू असल्याचे आधी सांगा आणि किती दिवस आधी थांबवायची ते विचारून घ्या.

'थोडी बरी वाटतात' याविषयी एवढेच म्हणतो की चाईतील नखे आपोआपही सुधारतात, त्यामुळे चार महिन्यांच्या अनुभवावरून श्रेय कोणाचे ते ठरत नाही.

कोरा_कागद

पुढच्याच आठवड्यात थायरॉइडची तपासणी आहे. गोळीचा उल्लेख करावा हे माझ्या मनातही आले नसते. शंका मागे घेतो, निदान अर्धी तरी.

दोघांची_आई

माझ्या सात वर्षांच्या मुलाचे थोडे वेगळे आहे. त्याचे केस अगदी ठीक आहेत, पण हातापायांची वीसही नखे वर्षभरात खरखरीत आणि राखाडी झाली. उभ्या बारीक रेघांनी ती इतकी भरली आहेत की त्यांच्यावर बोट फिरवले तर किसणीवर फिरवल्यासारखे वाटते. त्याला दुखत काही नाही. वर्गातली मुले विचारतात म्हणून तो हात मुठीत धरून बसतो, एवढाच त्याचा त्रास. पण तो मला नखांपेक्षा मोठा वाटतो. आमच्या त्वचारोगतज्ज्ञांनी डोके, भुवया, तोंडाचा आतला भाग आणि कोपर-गुडघे तपासून 'वीस नखांचा विकार' असे नाव सांगितले आणि औषध न देता वाट पाहायला सांगितले. काहीच न करणे हा उपचार कसा, हे मला समजावून घ्यायचे आहे.

त्वचावैद्य

तुमच्या डॉक्टरांनी योग्य जागा तपासल्या आहेत. हा खरखरीतपणा चाईत येतो तसा सोरायसिस, लायकेन प्लॅनस (त्वचेचा आणि नखांचा एक दाहक आजार) आणि इसब यांतही येतो, आणि पुष्कळ मुलांत यांपैकी काहीच नसताना एकटाही येतो. पोलंडमधील आल्किएविच यांनी १९५० मध्ये तो वर्णिला. 'वीस नखांचा विकार' हे नाव १९७७ मध्ये रूढ झाले, जरी वीसच्या वीस नखे बिघडलीच पाहिजेत असे नाही.

थांबण्याचे कारण असे की या विकारात नखमुळाशी होणारा दाह व्रण मागे ठेवत नाही. नखमूळ शाबूत राहते, आणि दाह ओसरला की तेच नखमूळ पुन्हा गुळगुळीत नख घडवू लागते. मुलांमध्ये बहुतेकदा काही वर्षांत हे आपोआप घडते. याउलट उपचार म्हटला तर बुडाच्या घडीत स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि ते बोटातील फार दुखणाऱ्या इंजेक्शनांपैकी एक आहे. सात वर्षांच्या मुलाला, दहा बोटांत, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने ते देणे हा आजारापेक्षा जड इलाज होईल. नखाचा तुकडा काढून तपासण्याचेही तेच, कारण त्या तपासणीने नखमुळालाच इजा होऊ शकते.

मात्र थांबणे म्हणजे न पाहणे नव्हे. नख पातळ होत जाऊन मधोमध उभे चिरू लागले, किंवा बुडाची त्वचा पंखासारखी पुढे वाढून खालच्या मांसाला चिकटू लागली, तर ते लायकेन प्लॅनसचे लक्षण असू शकते. तो व्रण ठेवणारा दाह आहे, एकदा गेलेले नख त्यात परत येत नाही, आणि तेथे वाट पाहणे ही चूक ठरते. अशी शंका आली तर दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या.

दोघांची_आई

चिकटलेली त्वचा नाही, चिरही नाही. आज रात्री तो झोपल्यावर टॉर्च घेऊन पुन्हा एकदा पाहीन.

निळीशाई

डॉक्टर, मग बुरशी आणि हे, यांत फरक कसा करावा? तीन महिन्यांच्या गोळ्यांचे मला अजून वाईट वाटते.

त्वचावैद्य

बुरशी बहुधा पायाच्या नखांना, एखाद-दोन बोटांपासून आणि टोकाकडून किंवा कडेने लागते. नख पिवळट, जाड होते आणि त्याच्याखाली भुसभुशीत चुरा साठतो. चाईचे नख बुडापासून बिघडते, त्याच्याखाली चुरा नसतो आणि पृष्ठभागच खराब होतो. तरीही डोळ्यांवर विसंबू नये. खराब झालेल्या नखाला वरून बुरशी लागणेही शक्य असते. नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो आणि संवर्धनासाठीही पाठवता येतो. पोटातून घ्यायच्या बुरशीविरोधी गोळ्या यकृतावर ताण आणू शकतात, तेव्हा त्या सुरू करण्याआधी ही साधी तपासणी व्हायलाच हवी होती.

सोरायसिसचे खळगे चाईपेक्षा मोठे, खोल आणि वाटेल तसे विखुरलेले असतात. शिवाय नखाखाली तेलाच्या थेंबासारखा पिवळट-तांबूस डाग पडतो आणि नख टोकाकडून सुटते. इसबात बुडाची त्वचा सुजलेली, भेगाळलेली असते आणि खळग्यांबरोबर आडव्या लाटा येतात. येथे एक मेख आहे. चाईच्या बऱ्याच रुग्णांना इसबही असते, त्यामुळे एकाच हातावर दोन्ही नांदू शकतात. आणि विषयाला धरून नसले तरी सांगून ठेवतो : एकाच नखात काळी उभी पट्टी नव्याने उमटली किंवा रुंद होत गेली, तर तिचा चाईशी संबंध लावत बसू नका, ती आधी दाखवा.

खडूचा_डाग

मला संपूर्ण डोक्याची चाई आहे आणि दहाही नखे खरखरीत आहेत. आजाराची चर्चा वर चांगली झालीच आहे. मी फक्त हातांनी जगण्याविषयी लिहिते.

लोकांना वाटते की हा दिसण्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात टेबलावर पडलेली टाचणी उचलता येत नाही, कारण नखाचे टोक दाबाखाली वाकते किंवा चिरते. चिकटपट्टीचे टोक सापडत नाही. लोकरीच्या कपड्यात हात घातला की कुठलेतरी नख धाग्यात अडकते, आणि तो सोडवताना नखाचा पापुद्रा निघतो. शर्टाचे सगळ्यात वरचे बटण मी आरशासमोर उभी राहून लावते.

मला उपयोगी पडलेल्या गोष्टी साध्या आहेत. नखे मी बोटाच्या टोकाच्या पुढे जाऊ देत नाही, आणि कापण्याआधी हात कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवते, म्हणजे ती फुटत नाहीत. कानस बारीक घेते आणि एकाच दिशेने चालवते. खरखर घालवण्यासाठी पृष्ठभाग घासत मात्र नाही. तो मोह पहिल्या वर्षी फार झाला आणि आधीच पातळ असलेली नखे मी आणखी पातळ करून ठेवली. रात्री पेट्रोलियम जेली नखांना आणि बुडाच्या घडीला चोळते. भांडी घासताना आत सुती आणि वर रबरी असे दुहेरी हातमोजे घालते.

एक चूकही सांगते. नखे झाकावीत म्हणून मी एकदा कृत्रिम नखे बसवून घेतली. दोन महिने आनंदात गेले. तिसऱ्या वेळी बोटांची टोके लाल होऊन खाजू लागली, मग त्यांना भेगा पडल्या. कृत्रिम नखांत आणि जेलमध्ये अॅक्रिलेट वर्गातील जी रसायने असतात, त्यांची अॅलर्जी जडल्याचे चाचणीत निघाले. ही अॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते, आणि हीच रसायने दातांच्या भरणीत व काही वैद्यकीय चिकटद्रव्यांतही असतात, त्यामुळे आता प्रत्येक दंतवैद्याला मला आधी सांगावे लागते. साधे नेलपॉलिश मी अजूनही लावते, ते खळगे बऱ्यापैकी बुजवते; फक्त ते काढायचे द्रव्य आठवड्यातून एकदाहून जास्त वापरत नाही, कारण त्याने नखे कोरडी पडतात.

पानगळ

टाचणीचे वाचून हसू आले आणि मग आले नाही.

सायंछाया

मी येथे नवीन आहे. माझ्या डोक्यावर एकच चट्टा आहे, पण सात नखांवर खळगे आहेत. नखे बिघडली म्हणजे पुढे सगळे केस जाणार असे एके ठिकाणी वाचले आणि तेव्हापासून झोप उडाली आहे. खरे काय आहे?

त्वचावैद्य

ज्यांची चाई पसरलेली असते त्यांच्यात नखांचे बदल जास्त आढळतात, विशेषतः खरखरीत नखे, हे खरे आहे. म्हणूनच आम्ही त्यांची नोंद घेतो. पण हे मोठ्या गटाविषयीचे विधान आहे. ते उलटे करून एका माणसाला लावता येत नाही. एक चट्टा आणि खळगेदार नखे घेऊन आलेली आणि तेथेच थांबलेली पुष्कळ माणसे मी पाहतो. नखे केसांच्या आधी, बरोबर किंवा नंतरही बिघडू शकतात, आणि केस भरून आल्यावरही काही काळ तशीच राहू शकतात. तुमच्या नखांचा व्यवहारात अर्थ एवढाच की पुढच्या तपासण्या जरा नियमित कराव्यात.

बोरू

औषधांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून माझा अनुभव देतो. माझे डोक्याचे नव्वद टक्के केस आणि दोन्ही भुवया गेल्या होत्या. दीड वर्षापासून मी जेएके रोधक गटातील बॅरिसिटिनिब घेत आहे. सुरू करण्याआधी क्षयाची, काविळीच्या विषाणूंची, यकृताची आणि चरबीची तपासणी झाली, आणि रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास विचारला गेला. पाचव्या महिन्यात भुवया दिसू लागल्या. नखांकडे माझे लक्षच नव्हते. आठव्या महिन्यात पत्नीने बोट धरून दाखवले की नख दोन रंगांचे झाले आहे : बुडाकडचा भाग चकचकीत आणि पुढचा जुना, मळकट, खरखरीत, आणि मध्ये आखल्यासारखी सीमा. पुढे ती सीमा सरकत टोकाला गेली आणि एके दिवशी नखे कापताना तिचा शेवटचा तुकडा निघाला. पायाचे अंगठे मात्र अजून अर्धेच सुधारले आहेत.

त्वचावैद्य

बोरू यांनी दिलेले दृश्य नेमके आहे. या गटातील औषधे इंटरफेरॉनसारख्या संदेशद्रव्यांचा पेशीच्या आत जाणारा निरोप अडवतात. अमेरिकेत चाईसाठी बॅरिसिटिनिबला २०२२ मध्ये, १२ वर्षांवरील रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये आणि ड्यूरुक्सोलिटिनिबला २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिन्ही तीव्र चाईसाठी आहेत. त्यांनी नखे सुधारल्याच्या नोंदी आहेत, पण जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्या यांसारखे गंभीर धोके असलेली औषधे केवळ नखांसाठी देणे मला पटत नाही. दोन-चार नखे फारच त्रास देत असतील तर बुडाच्या घडीवर तीव्र स्टिरॉइड मलम किंवा प्रौढांत इंजेक्शन हा मर्यादित मार्ग आहे, आणि बहुतेकांना तोही लागत नाही.

पायाच्या अंगठ्यांबद्दल बोरू यांनी चिंता करू नये. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, पायाचे सुमारे १. हाताचे नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचे वर्ष ते दीड वर्ष. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की नखाचे टोक पाहून निराश होऊ नका आणि आनंदूही नका, ते जुने वर्तमानपत्र आहे. घडीतून काय बाहेर पडते आहे ते पाहा. आठ-पंधरा दिवसांनी पाहण्यात अर्थ नाही. महिन्यातून एकदा, त्याच दिव्याखाली, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

निळीशाई

मोजपट्टी आणली आहे. अंगठ्यावर खळग्यांखेरीज एक आडवी खाचही आहे, घडीपासून ६ मिलिमीटरवर. म्हणजे दोन महिन्यांपूर्वीची?

त्वचावैद्य

त्याहून थोडी आधीची, कारण नखमुळापासून घडीच्या कडेपर्यंतचे काही मिलिमीटर ती झाकलेलीच सरकली असेल. तीन-साडेतीन महिने धरा. अशी खाच म्हणजे नखमुळाचे काम तात्पुरते मंदावल्याची खूण. फ्रान्सचे बो यांनी १८४६ मध्ये ती वर्णिली, म्हणून तिला बो रेषा म्हणतात. सगळ्या नखांवर सारख्याच अंतरावर असेल तर त्या सुमारास आलेला जोराचा ताप आठवून पाहा. एकट्या अंगठ्यावर असेल तर चाई किंवा स्थानिक मार.

निळीशाई

एकट्या अंगठ्यावरच आहे. आणि त्याच सुमारास डाव्या कानामागे नवा चट्टा पडला होता.

(पाच महिन्यांनंतर)

निळीशाई

धागा वर काढत आहे, कारण अर्धवट सोडलेले धागे वाचताना मला स्वतःला चुटपूट लागते. मधल्या काळात मी दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवले. त्यांनी कीस तपासायला पाठवला. बुरशी निघाली नाही. थायरॉइडही ठीक आले. नखांसाठी त्यांनी फक्त खरखरीत दोन बोटांच्या घडीवर लावायला मलम दिले आणि ते मध्ये सुट्टी घेत लावायला सांगितले, नाहीतर तेथील त्वचा पातळ होते.

माझ्याकडे आता पाच फोटो आहेत, सगळे त्याच दिव्याखालचे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे नख बुडापासून ९ मिलिमीटर गुळगुळीत आहे. खरखरीत भागाची टोकाकडे एक बारीकशी चंद्रकोर उरली आहे, ती पुढच्या वेळी कापली जाईल. अनामिका त्याच्या मागे आहे, ५ मिलिमीटरवर. डाव्या अंगठ्यावरची ती आडवी खाच केव्हाच कापून गेली, पण घडीतून खळगे अजूनही येत आहेत, फक्त ओळींमधले अंतर वाढले आहे. कानामागचा चट्टा भरला असून तेथले केस सध्या पांढरे आले आहेत.

दोघांची_आई

चंद्रकोरीचा फोटो टाकाल का? मुलाला दाखवायचा आहे.